खटला नाही, शिक्षा नाही, तरी वर्षभर तुरुंग : स्थानबद्धतेच्या कायद्यांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. हडपसरला राहणाऱ्या एका तरुणाने विचारलंय की त्याच्या २३ वर्षांच्या मावसभावावर मारामारीचे आणि हत्यार बाळगल्याचे मिळून तीन गुन्हे आहेत आणि तिन्हींत जामीन झालेला आहे. गेल्या आठवड्यात त्याला एमपीडीएखाली, म्हणजे धोकादायक व्यक्ती वगैरेंना खटल्याविना अडवून ठेवण्याच्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, एका वर्षासाठी स्थानबद्ध करण्याचा आदेश निघाला आणि लगोलग नागपूरच्या कारागृहात नेलं. कोर्टाने सोडलेल्या माणसाला परत आत कसं टाकता येतं? आणि देशाच्या सुरक्षेसाठी असे कडक कायदे हवेतच असं आजवर मानत आलो, आता घरचा माणूस आत गेल्यावर त्याच कायद्याला नावं ठेवणं बरोबर आहे का?

दुसरा प्रश्न तुम्ही विचारलात हे मला मनापासून आवडलं. त्यावर मी सविस्तर लिहिणार आहे. पण तुमच्या भावाच्या हातात मोजके दिवस आहेत, म्हणून आधी त्या दिवसांबद्दल.

आदेशावरची तारीख बघा. शहरात हा आदेश पोलीस आयुक्त काढतात, आयुक्तालयाबाहेर जिल्हाधिकारी. त्या तारखेपासून १२ दिवसांत राज्य सरकारची मंजुरी आली नाही तर आदेश आपोआप संपतो. मंजुरी येईपर्यंत, ज्या अधिकाऱ्याने आदेश काढला त्याच्याकडेच निवेदन करून तो मागे घ्यायला सांगता येतं. हा हक्क आहे, आणि तो आहे हे स्थानबद्ध माणसाला लेखी कळवणं ही त्या अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. कळवलं नसेल तर तेवढ्या एका कारणावर आदेश रद्द होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली महाराष्ट्राच्याच प्रकरणात हे ठरवून दिलं आहे. म्हणून आजच बसून निवेदन लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं. एक प्रत आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याला, एक मंत्रालयात गृह विभागाला, एक सल्लागार मंडळाला (स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे तपासणारं मंडळ, त्याबद्दल पुढे). भावाची सही किंवा अंगठा घेऊन तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवा आणि प्रत्येक ठिकाणचा आवक क्रमांक जपून ठेवा.

आवक क्रमांकावर मी एवढा जोर देतो त्याला कारण आहे. निवेदनावर सरकारने विनाविलंब निर्णय घेतलाच पाहिजे, हे घटनेच्या कलम २२(५) मधून येतं. उच्च न्यायालयात सरकारला प्रतिज्ञापत्र करून सांगावं लागतं की निवेदन कुठल्या दिवशी आलं, कक्ष अधिकाऱ्याकडे किती दिवस होतं, उपसचिवांकडे कधी गेलं, अपर मुख्य सचिवांनी आणि मंत्र्यांनी कधी सही केली. मधल्या दहा-बारा दिवसांचा हिशेब लागला नाही, तर गुन्हा कितीही गंभीर असो, न्यायालय माणसाला सोडतं. पण निवेदन कधी दिलं हेच सिद्ध करता आलं नाही तर हा सगळा मुद्दा हातातून जातो.

बाकीच्या मुदती अशा : स्थानबद्ध केल्यापासून ५ दिवसांच्या आत कारणं द्यावी लागतात, तीन आठवड्यांच्या आत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवावं लागतं, सात आठवड्यांच्या आत मंडळाला अहवाल द्यावा लागतो. मंडळावर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेले, पूर्वी राहिलेले किंवा त्या पदासाठी पात्र असलेले तीन जण असतात. स्थानबद्धतेला पुरेसं कारण नाही असं मंडळ म्हणालं तर सरकारला सोडावंच लागतं. कारण आहे असं म्हणालं तर सरकार आदेश कायम करू शकतं, जास्तीत जास्त १२ महिन्यांसाठी. मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. मात्र वकील नसलेल्या मित्राची किंवा नातेवाइकाची मदत घेता येते. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याला आव्हान दिलेल्या ए. के. रॉय खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही वाट मोकळी ठेवली. त्यासाठी आधी लेखी मागणी करावी लागते. तुमचा भाऊ चारचौघांत बोलायला बिचकत असेल, तर त्याच्यासाठी तुम्हीच हे करा. फार कमी घरांना हे माहीत असतं.

आता जामिनाचं. जामीन हा घडून गेलेल्या गुन्ह्याबाबत असतो. स्थानबद्धता ही पुढे घडू शकणाऱ्या कृत्याबाबत असते. गुन्हा सिद्ध करायचा नसतो, आरोपपत्र नसतं, उलटतपासणी नसते. अधिकाऱ्याने कागदपत्रं बघून ‘माझी खात्री पटली आहे’ असं लिहायचं, एवढं कायद्याला पुरतं. ती खात्री बरोबर की चूक यात न्यायालय सहसा जात नाही. ती कशाच्या आधारावर पटली, एवढंच तपासतं. अटक झालेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, त्याला वकील घेऊ द्यायचा, हे आपण गृहीत धरतो. कलम २२ च्या तिसऱ्या उपकलमाने स्थानबद्धतेच्या बाबतीत हे दोन्ही हक्क काढून घेतले आहेत. म्हणजे ही पळवाट नाही, ती खुद्द राज्यघटनेत लिहिलेली सत्ता आहे, आणि म्हणूनच तिची जी थोडीफार बंधनं आहेत ती अक्षरशः पाळली गेली पाहिजेत असं न्यायालयं पहिल्यापासून म्हणत आली आहेत.

तरीही जामिनाला किंमत आहे. जामिनाचा आदेश आणि त्यातल्या अटी आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठेवल्या होत्या का, हे न्यायालय बघतं. पोलिसांना तो बाहेर राहणं धोक्याचं वाटत होतं, तर त्यांनी जामीन रद्द करण्याचा अर्ज का केला नाही? २०११ च्या तमिळनाडूतल्या रेखा खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की नेहमीच्या फौजदारी कायद्याने काम भागत असेल तर स्थानबद्धता बेकायदा ठरते. तुमच्या भावाच्या तिन्ही गुन्ह्यांतले जामीन आदेश त्याला दिलेल्या कागदांत आहेत का, हे आधी शोधा.

चार गोष्टींची लोक नेहमी गल्लत करतात, ती दूर करून पुढे जाऊ. तडीपारी म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली जिल्ह्याबाहेर घालवणं. त्यात माणूस मोकळाच असतो. चॅप्टर केस म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा बाँड. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) आणि यूएपीए (बेकायदा कारवायांविरोधी कायदा) हे कितीही कडक असले तरी तिथे आरोप ठेवावा लागतो आणि खटला चालतो, मग तो चालायला वर्षं का लागेनात. आपल्या पुण्यात नोंदलेलं एल्गार परिषदेचं प्रकरण या प्रकारातलं आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकातही ‘सल्लागार मंडळ’ हा शब्द आहे, पण तिथे ते संघटना बेकायदा ठरवण्यासाठी आहे. खरी स्थानबद्धता एमपीडीए, १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा म्हणजे एनएसए, तस्करीविरोधी कॉफेपोसा, आणि अमली पदार्थांचा व काळ्याबाजाराचा असे आणखी दोन कायदे, यांच्याखाली होते.

एमपीडीएचं पूर्ण नाव एका दमात वाचता येत नाही. झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, विनापरवाना चित्रफिती दाखवणारे, आणि पुढे भर पडून वाळूतस्कर व अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे, इतके सगळे त्यात आहेत. तुमच्या भावाला ‘धोकादायक व्यक्ती’ म्हटलं असणार. यात राष्ट्रीय सुरक्षा कुठेही नाही, हे नीट लक्षात घ्या. आधार आहे तो सार्वजनिक सुव्यवस्थेचा.

भावाला कागदांचा जो गठ्ठा दिलाय, तो मागवून घ्या. त्यात आदेश असेल, कारागृहात पाठवण्याचा आदेश असेल, ‘स्थानबद्धतेची कारणे’ असतील आणि मागे शे-दोनशे पानांच्या झेरॉक्स असतील : फिर्याद, पंचनामा, वैद्यकीय दाखला, जामीन आदेश. प्रत्येक पानावर त्याची सही घेतलेली असते. यातली अधिकाऱ्याने विसंबलेली पानं वाचता येण्याजोगी असावीच लागतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काळी पडलेली जखम-दाखल्याची पानं मी कित्येक गठ्ठ्यांत पाहिली आहेत. जे पान वाचता येत नाही त्यावर उत्तर देता येत नाही, आणि उत्तर देता न येणं म्हणजे कलम २२(५) चा भंग. प्रत भावाला समजणाऱ्या भाषेत हवी. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र सरकार या १९६२ च्या निकालात घटनापीठाने सांगितलं की इंग्रजी कारणं तोंडी समजावून सांगणं पुरेसं नाही. हडपसर, कोंढवा, येरवडा या भागांत उर्दू, हिंदी, कन्नड शाळांत शिकलेली मुलं भरपूर आहेत. मराठी बोलता येतं म्हणून मराठी कारणमीमांसा वाचता येते असं होत नाही.

मग गठ्ठ्यातल्या दोन खास पानांकडे या. साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’ यांचे गोपनीय जबाब. एमपीडीएचा सगळा डोलारा बहुतेक वेळा या दोन पानांवर उभा असतो. नाव, पत्ता, नेमकं ठिकाण, तारीख यातलं काही नसतं. साधारण असा मजकूर असतो : मी अमुक परिसरात राहतो, दोन महिन्यांपूर्वी संध्याकाळी घरी जात असताना सदर इसमाने मला अडवलं, कोयता दाखवून खिशातले पैसे काढून घेतले, मी आरडाओरडा केल्यावर जमलेल्या लोकांवर तो हत्यार घेऊन धावला, लोक सैरावैरा पळाले, दुकानदारांनी शटर खाली ओढली, भीतीपोटी मी तक्रार दिली नाही. पुढचं पान उलटा, ‘ब’चा जबाब वाचा. कित्येकदा फक्त रक्कम आणि हत्यार बदललेलं असतं. लोक सैरावैरा पळतात ते त्याच शब्दांत आणि शटरही त्याच वाक्यात खाली येतं.

साक्षीदाराला भीती नसतेच असं मी म्हणत नाही. वस्तीतल्या पोराच्या विरोधात पोलिसांत जायला माणसं घाबरतात हे पुण्यात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. कायदा ती भीती ओळखतो, म्हणून नाव लपवायला परवानगी देतो. पण नाव लपवायचं तर मजकुराची शहानिशा कुणीतरी खरोखर केली पाहिजे. ती सहायक पोलीस आयुक्तांनी करायची असते : साक्षीदाराला स्वतः भेटायचं, जागा पाहायची, जबाब आणि भीती खरी आहे का याची खात्री करायची आणि तसं त्या जबाबाखाली लिहायचं. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याने ती पडताळणी वाचून स्वतःचं समाधान करून घेतलं पाहिजे. ‘समक्ष पडताळणी केली, मजकूर बरोबर आहे’ असा एका ओळीचा शेरा असेल, किंवा तुमच्या भावाला दिलेल्या प्रतीत तो शेराच नसेल, तर तिथे खूण करून ठेवा. मुंबई उच्च न्यायालयात असे आदेश या मुद्द्यावर अनेकदा टिकलेले नाहीत.

तारखाही बघा. शेवटचा गुन्हा आणि आदेश यात किती अंतर आहे? पोलीस ठाण्यातून प्रस्ताव निघतो, सहायक आयुक्त, उपायुक्त, गुन्हे शाखेचा पीसीबी म्हणजे प्रतिबंधक कारवाईचा विभाग असा फिरत आयुक्तांच्या टेबलावर येतो. या फिरण्यात चार-पाच महिने गेले आणि त्याचं स्पष्टीकरण नसलं, तर न्यायालय सरळ विचारतं की माणूस इतका धोकादायक होता तर इतके दिवस तो बाहेर कसा चालला?

आता गाभ्याचा मुद्दा. कायदा व सुव्यवस्था वेगळी, सार्वजनिक सुव्यवस्था वेगळी आणि राज्याची सुरक्षितता त्याहून वेगळी. राममनोहर लोहियांना १९६५ साली पाटण्यात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं, तेव्हा त्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक असलेल्या तीन वर्तुळांची कल्पना मांडली. सगळ्यांत मोठं वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं आणि सगळ्यांत आतलं, सगळ्यांत लहान, राज्याच्या सुरक्षिततेचं. बाहेरच्या वर्तुळात घडलेली प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळाला धक्का देतेच असं नाही. लोहिया सुटले ते याच फरकामुळे.

पुण्यातलं उदाहरण घ्या. जुन्या भांडणातून एकाने दुसऱ्यावर वार केला. गुन्हा गंभीर आहे, शिक्षा कडक व्हावी, पण तो बाहेरच्या वर्तुळातला. आता रात्री दोन वाजता सात-आठ जण कोयते घेऊन एखाद्या वस्तीत शिरले, रस्त्याकडेच्या ओळीने लावलेल्या रिक्षा-दुचाकी फोडत गेले, दिसेल त्याला धमकावलं, आणि दुसऱ्या दिवशी आयाबायांनी मुलांना शाळेत पाठवलं नाही. इथे कुणाशी वैयक्तिक वैर नाही, सगळ्या वस्तीचं रोजचं जगणं थांबलं. हा सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग आहे आणि इथे स्थानबद्धतेचा विचार करणं मला चुकीचं वाटत नाही. कृत्य तेच असलं तरी त्याची झळ किती लांब पोचली, यावर सगळं ठरतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका हातभट्टीच्या प्रकरणात एमपीडीएचा आदेश रद्द केला, तो याच कसोटीवर : गोपनीय साक्षीदारांना दिलेली धमकी त्यांच्यापुरती होती, त्यातून सार्वजनिक सुव्यवस्था बिघडल्याचं दिसत नव्हतं. तुमच्या भावाचे तीन गुन्हे यातल्या कुठल्या बाजूला पडतात, ते प्रामाणिकपणे बघा. मला ते कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि कागद न पाहता जो वकील ‘नक्की सुटेल’ म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न. देशाच्या सुरक्षेसाठी ही सत्ता हवी का?

हे शहर या प्रश्नाला फार जुन्या काळापासून ओळखतं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर महिन्याभराने दोन प्रकारच्या धरपकडी झाल्या. टिळकांना राजद्रोहासाठी पकडलं. त्यांच्यावर आरोप ठेवला गेला, ज्युरीपुढे खटला चालला, वकील उभे राहिले, १८ महिन्यांची शिक्षा झाली. तो खटला न्याय्य नव्हता, तरी सरकारला आपली बाजू उघड मांडावी लागली आणि ती आजही आपण वाचू शकतो. त्याच सुमारास पुण्याचे सरदार नातू बंधू यांना मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचललं. आरोप नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. इस्टेटीवर जप्ती. रँडचा खून ज्यांनी केला ते चापेकर साध्या फौजदारी कायद्याने सापडले आणि साध्या कोर्टात दोषी ठरले. नातूंविरुद्ध काय होतं, हे सरकारला कधीच कुणाला दाखवावं लागलं नाही. याच रेग्युलेशनखाली १९३० साली गांधीजींना येरवड्यात ठेवलं. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये तेच झालं, युद्धकाळच्या नियमांखाली. महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच गेले, बिनखटल्याच्या बंदीत.

हे सगळं ज्यांनी सोसलं त्यांनीच ही सत्ता घटनेत ठेवली, हेही विसरून चालणार नाही. फाळणीचे दंगे, तेलंगणातला सशस्त्र उठाव, काश्मीर, गांधीजींचा खून, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये हे कलम मांडलं ते निदान किमान बंधनं तरी घटनेत असावीत म्हणून. सरदार पटेलांनी फेब्रुवारी १९५० मध्ये पहिला स्थानबद्धता कायदा आणला तेव्हा त्यासाठी आपल्याला झोप लागली नाही असं संसदेत सांगितलं. तो कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदत वाढत वाढत १९६९ च्या अखेरपर्यंत चालला. दोन वर्षांत मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षेचा स्थानबद्धता कायदा, आला. आणीबाणीत त्या मिसाखाली येरवडा कसं भरलं होतं, हे पुण्यातल्या समाजवाद्यांच्या आणि संघाच्या घराघरांत आजही सांगितलं जातं. संघाचे तेव्हाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस तिथेच होते.

आणि २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचं दारही ठोठावता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना होते. बहुमतातले न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड आपल्या पुण्याचे, इथल्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी. तो निकाल २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मोडीत काढला, आणि तसं लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. इतक्या विद्वान न्यायाधीशांनाही ‘सरकारकडे जास्त माहिती आहे, सरकार जपून वागेल’ हा युक्तिवाद पटला होता, हे मी तरुण वकिलांना मुद्दाम सांगतो.

माझं मत स्पष्ट आहे. फार थोड्या प्रसंगी ही सत्ता लागते. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यातल्या जर्मन बेकरीच्या बॉम्बस्फोटात १७ माणसं मेली. असा कट शिजतोय हे परदेशी यंत्रणेकडून किंवा आतल्या खबऱ्याकडून कळलं, पण ती माहिती कोर्टात उघड केली तर खबऱ्याचा जीव जाईल, आणि हातात आठवडाभरच आहे, अशा वेळी सरकारला माणूस अडवून ठेवता आला पाहिजे. कलम २२(६) मध्ये सार्वजनिक हितासाठी काही तथ्यं रोखून ठेवण्याची मुभा यासाठीच आहे. पण असं प्रकरण आणि रोजच्या मारामारीत साक्षीदार उभा राहत नाही म्हणून काढलेला आदेश, यांत काहीही साम्य नाही. पहिल्यात वेळ नसतो. दुसऱ्यात वेळ भरपूर असतो. कमी पडतो तो तपास, साक्षीदाराचं संरक्षण आणि सरकारी वकिलाची तयारी.

एनएसएच्या बाबतीतही हेच घडतं. डॉ. कफील खान यांचं अलीगढमधलं भाषण डिसेंबर २०१९ चं. त्यांना जानेवारीत अटक झाली, १० फेब्रुवारी २०२० ला जामीन मिळाला, आणि तुरुंगाबाहेर पाय पडण्याआधी १३ फेब्रुवारीला एनएसएचा आदेश निघाला. भाषणाची सीडी त्यांना दिली, ती लावून पाहायला यंत्र दिलं नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला आदेश रद्द केला. तोवर साडेसहा महिने गेले होते. ज्या कायद्याच्या नावात राष्ट्रीय सुरक्षा आहे, तो जामीन निकामी करण्यासाठी वापरला की खऱ्या धोक्याच्या प्रकरणातही न्यायालय त्या आदेशाकडे संशयाने बघायला लागतं. सुरक्षेची काळजी असणाऱ्याने या वापराला सगळ्यांत आधी विरोध केला पाहिजे असं मला वाटतं. तेव्हा तुमच्या मनात जी अडचण आहे, ती दुटप्पीपणाची नाही.

सुधारणा नवी शोधायचीही गरज नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंडळाशिवाय ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणली, मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा कार्यरत न्यायाधीशच असावा आणि मंडळ मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमावं असं ठरवलं. संसदेने मंजूर केलं, पण ते कलम अमलात आणणारी अधिसूचना एकाही सरकारने आजतागायत काढलेली नाही. त्यात मिसा सोसलेल्यांची सरकारंही आली. ए. के. रॉय खटल्यात न्यायालयाने तसा आदेश द्यायला नकार दिला. मला या सगळ्या विषयात ही एक गोष्ट सर्वांत जास्त लागते.

परत तुमच्या भावाकडे. सल्लागार मंडळाचा निर्णय येईपर्यंत थांबायची गरज नाही. उच्च न्यायालयात कलम २२६ खाली फौजदारी रिट लगेच दाखल करता येतं आणि बहुतेकदा तेच करावं लागतं. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं असलं तरी पुणे जिल्हा त्यात नाही, आपल्याला मुंबईलाच जावं लागतं. भाऊ नागपूरला असला तरी आदेश पुण्यात निघालाय, त्यामुळे मुंबईत याचिका चालते. सुनावणीला वेळ लागतो, आणि प्रत्येक महिना त्याच्या वर्षातून कापला जातो. म्हणून याचिकेत वीस मुद्दे भरू नका. आवक क्रमांकाची तारीख, वाचता न येणारी पानं, पडताळणीचा शेरा, शेवटच्या गुन्ह्यापासूनचं अंतर आणि सार्वजनिक सुव्यवस्था, यातले जे दोन-तीन पक्के असतील तेवढेच घ्या. ऐपत नसेल तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून वकील मिळतो. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट लागत नाही.

आदेश रद्द झाल्यावर त्याच गुन्ह्यांवर पुन्हा नवा आदेश काढता येत नाही, त्यासाठी नंतर घडलेलं काहीतरी नवं लागतं. म्हणून तो सुटला तर पुढचे काही महिने प्रत्येक कोर्ट तारखेला हजर राहील आणि जामिनाची एकही अट मोडणार नाही, हे घरातल्या मोठ्यांनी बघायला हवं. आणि तिन्ही खटले लवकर चालावेत म्हणून शिवाजीनगर कोर्टात तुम्हीच अर्ज करा. निर्दोष सुटला तर उत्तम, दोषी ठरला तर शिक्षा भोगेल. दोन्हींत त्याला आपलं म्हणणं मांडायला मिळेल.

येत्या मुलाखतीला नागपूरला जाल तेव्हा वही घेऊन जा. कागद त्याच्या हातात कुठल्या तारखेला आणि किती वाजता पडले, कुणी वाचून दाखवले का, निवेदन करता येतं हे कुणी सांगितलं का, कुठली पानं लागत नाहीत, हे त्याला विचारा आणि त्याच दिवशी तारीख घालून लिहून काढा.